आधी पाणी की आधी धंदा

डोळा लागतोय. जेवण झालंय, ऑफिसातल्या आरामखुर्चीत पाय सैल सोडलेत, आणि भिंतीपलीकडची कापड रंगवायची यंत्रं घरघरत लांब लांब जातायत, जसं कुणी ती ढकलत गावाबाहेर नेतंय. प्रमोद, माझा धाकटा भाऊ, मघाशीच सांगून गेलाय, "आक्का, सांडपाणी साफ करायचा प्लांट बसवायचा का नाही ते ठरव. प्लांटवाली माणसं आज येणार आहेत." मला वाटतं बसवावा. त्याला वाटतं, कापड रंगवून देणाऱ्या आपल्यासारख्या लहान प्रोसेसवाल्यांना तो पेलणार नाही, बुडू.

आणि दोघंही पुरावा म्हणून एकच नाव घेतो. पद्मिनीआत्या.

इचलकरंजीत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं तेव्हा तिनं आपल्या प्रोसेसमधलं पाणी साफ करून सोडायला सुरुवात केली, आणि तिचा धंदा वाढत गेला. मी म्हणते, पाणी साफ केलं म्हणून वाढला. प्रमोद म्हणतो, धंदा बरा होता म्हणून तिला ही हौस परवडली. तिलाच विचारायला हवं होतं. पण ती गेल्या दिवाळीआधीच गेली.

"मग विचार की आता," ती म्हणते.

समोरच्या खुर्चीत बसलीय. फिकी इरकल साडी, चष्मा कपाळावर सरकवलेला. ती वारलीय हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिला. दोघींनाही त्यात अवघडल्यासारखं वाटत नाही.

"कशी आहेस आत्या?"

"बरी आहे. गुडघे दुखत नाहीत."

मी विचारते. ती हसते आणि दार उघडते. दाराबाहेर आमचं अंगण असायला हवं, पण आम्ही एका स्वयंपाकघरात उभ्या आहोत. आत्याच्या प्रोसेसमागं राहणाऱ्या सलमाभाभींचं. भाभी पाठमोऱ्या आहेत. कट्ट्यावर चहाचा कप, आणि त्यातला चहा निळा.

"यांच्या बोअरला माझ्या रंगाचं पाणी यायला लागलं," आत्या म्हणते. "भाभी भांडल्या नाहीत. नुसता हा कप माझ्यापुढं ठेवला."

"म्हणजे तू धंद्यासाठी केलंच नाहीस?"

"धंदा कुणाला सुचतोय तेव्हा? लाज वाटली."

"आणि मग माल देणाऱ्या मोठ्या पार्ट्या आल्या."

"आल्या कुठल्या? होत्या त्या गेल्या! माझा दर वाढला ना."

मी कट्ट्यावरचा कप उचलते. "म्हणजे प्रमोदचं खरं?"

"तुला घाई फार, पोरी."

कप माझ्या हातातच आहे, पण पायाखाली ओलं सिमेंट आलंय. तिच्या शेडमागचा नाला. एवढा रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि पाण्यावर लाल, पिवळे, निळे पट्टे सावकाश सरकतायत. आत्या पदर खोचून काठावर बसते.

"पाणी साफ करायचं म्हटल्यावर आधी बघावं लागतं त्यात काय काय जातंय. तोवर मी इकडं कधी फिरकले नव्हते. येऊन बघते तर माझाच रंग वाहून चाललेला. कापडावर बसायला हवा होता तो. मग तो कापडावर नीट बसवायच्या मागं लागले. नाल्यात कमी जायला लागला, आणि दर खेपेला छटा एकसारखी यायला लागली. माल परत येईना. नव्या पार्ट्या आल्या त्या छटेसाठी. पाण्याचं विचारणाऱ्या फार नंतर आल्या."

"मग माझंच खरं की!"

"निम्मं. ते वाईट वर्ष मी काढलं, कारण गाठीला थोडं होतं. नसतं तर बुडले असते, आणि तुम्ही दोघांनी माझं नाव दुसऱ्याच कारणानं घेतलं असतंत."

"आमच्या गाठीला फार नाही, आत्या."

"मग लहान प्लांट मागा. एकदम सगळं अंगावर घेऊ नका. पण आधी इथं येऊन बसा." ती पाण्याकडं बोट करते. "हात घाल."

"किती घाण आहे."

"तुझीच आहे. घाल."

बघते तर शेड आमची आहे, भिंतीवरचा चुना आमचा आहे. मी कोपरापर्यंत हात घालते. गार लागेल असं वाटलेलं, पण आंघोळीच्या पाण्यासारखं कढत आहे.

"एवढं गरम कसं?"

"तूच तापवलंस. बॉयलरला लाकडं घालून. आणि तसंच सोडून दिलंस."

"मग याचं काय करायचं?"

आत्या पट्ट्यांकडं बघत राहते. "मला ते शेवटपर्यंत जमलं नाही," ती म्हणते. "विचार करत होते, तेवढ्यात गेले. काय केलंस ते मला कळलं असतं तर बरं झालं असतं."

"आक्का, झोपलीस व्हय?"

दारात प्रमोद. यंत्रं पुन्हा भिंतीपाशी आलीत.

"ती माणसं आलीत," तो म्हणतो.

"त्यांना चहा दे. लहान प्लांटचं बोलू त्यांच्याशी. पण त्याआधी आपण दोघं नाल्यावर जाऊन येऊ."

"आत्ता? नाल्यावर? कशाला?"

मला उठवायला तो हात पुढं करतो, माझा दंड धरतो आणि थबकतो. माझी उजवी बाही कोपरापर्यंत भिजलीय. निळी. सकाळपासून आमच्याकडं फक्त पांढऱ्या कापडाचं काम चाललंय. बाहीच्या टोकाचा एक थेंब प्रमोदच्या मनगटावर पडतो. तो त्याच्याकडं बघतो, मग माझ्याकडं.

"आक्का," तो म्हणतो, "हे गरम कसं?"