लाल चौकटीपुढे थांबलेले साडू

आमच्या थोरल्या साडूंच्या घरात आजवर एकही अपघात झालेला नाही, कारण त्या घरात मुळात काही घडतच नाही. पूर्णेला स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेला हा सज्जन माणूस लाल रंग दिसला की जागच्या जागी थांबतो. परभणीत एकदा चौकातला सिग्नल बिघडून लालच राहिला होता. रिक्षा गेल्या, बस गेली, म्हशींचा एक कळप रमतगमत गेला. आमचे साडू स्कूटरवर पाय टेकून उभे, आणि मागे मेथीची पिशवी धरून अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. शेवटी पोलिसानं येऊन हात जोडले, तर त्याला म्हणाले, "बिघडला तरी लाल हाय ना? लेखी हुकूम द्या, लगेच निघतो." रेल्वेत म्हणे तसंच असतं, सिग्नल बिघडला तरी कागद हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. ती मेथी आम्ही रात्री खाल्ली. बरीचशी वाळली होती.

अशा माणसाच्या हाती मुलानं कॉम्प्युटर दिला. एकुलता एक मुलगा जर्मनीत. आईवडिलांना चेहरा दिसावा म्हणून जाताना टेबलावर मांडून गेला आणि काळजीपोटी त्यात अँटीव्हायरसही घालून गेला. साडूंना तो फार आवडला. सगळ्या जगावर संशय घेणारा, दुसरा स्टेशनमास्तरच तो! त्यानं इशाऱ्याची लाल चौकट दाखवली की साडू माऊस सोडून हात मांडीवर ठेवून बसत आणि मला फोन करत. मी परभणीच्या कॉलेजात मराठी शिकवतो, पण सासुरवाडीत ज्याला टायपिंग येतं तो तज्ज्ञ ठरतो. या चौकटीपायी परभणी-पूर्णा करून माझी हाडं खिळखिळी झाली. सगळ्यात वाईट दिवस म्हणजे ब्राउझर अपडेट होण्याचे. तो बिचारा गुपचूप स्वतःची नवी आवृत्ती उतरवून घेई आणि मग अँटीव्हायरस त्याला ओळखतच नसे. घरचाच पोरगा न्हाव्याकडून डोकं भादरून आला आणि दारातल्या कुत्र्यानं त्यालाच धरलं, असा प्रकार. मी हे शंभरदा समजावलं. साडू शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "सर, तुमचं बरोबर आसंल. पण ते लाल हाय."

मग नात झाली. तिचं बारसं तिकडे, आणि आजीनं पाळणा म्हणायचा इथून. अक्कांच्या सुरावर तिकडे पाळणा हलणार, असं ठरलं होतं. अक्का आठवडाभर ओट्यापाशी गुणगुणत होत्या. त्या संध्याकाळी त्या ठेवणीतली साडी नेसून टेबलासमोर उभ्या राहिल्या, साडूंनी ब्राउझर उघडला, आणि लाल चौकट. धोका आढळला, प्रोग्रॅम अडवला आहे.

"अहो, अपडेट झालाय तो! परवानगी द्या," शेजारी उभा राहून मी जवळजवळ ओरडलो.

"बिलकुल न्हाई."

मी माझ्या मोबाइलवरून मुलाला फोन लावला, पण त्याचा फोन तिकडे कॅमेरा म्हणून स्टँडवर लावलेला, तो उचलेना. बारशाची लिंक साडूंच्या मेलवर, आणि आपला पासवर्ड ते दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये घालू देईनात.

"अहो, लेकराचं नाव ठेवायलेत तिकडं," अक्का म्हणाल्या. "दाबा की."

साडूंनी बायकोकडे पाहिलं. "लेखी पाहिजे," ते म्हणाले.

मला हसू येईना, रडूच यायला लागलं. कॅलेंडरचं जुनं पान फाडून मी मागच्या बाजूला लिहिलं, की सदर ब्राउझर घरचाच असून पुढे जाण्यास हरकत नाही, काही झाल्यास मी जबाबदार. साडूंनी चष्मा पुसून ते वाचलं, खाली तारीख घालायला लावली आणि मग बटण दाबलं. पडद्यावर पाळणा रिकामा होता. पाहुणे जेवत होते. मुलगा जवळ येऊन म्हणाला, "आई, लय वाट बघितली गं. आत्ताच आतल्या खोलीत झोपली ती."

अक्का इतका वेळ उभ्या होत्या, त्या खाली बसल्या. "असू दे. झोपमोड करू नको तिची," एवढंच म्हणाल्या. साडूंचा मला त्या दिवशी मनापासून राग आला. मी न जेवताच निघालो.

नंतर बरेच दिवस फोन नव्हता. मग एका दुपारी आला. "सर, आज बी लाल आलं."

"येतो," मी म्हणालो आणि चपला शोधू लागलो.

"येऊ नका." "मी पुढं गेलो, सर. कुनाला इचारलं न्हाई."

गुन्हा कबूल करणाऱ्या माणसासारखा आवाज होता त्यांचा. उभ्या नोकरीत जे केलं नाही ते म्हातारपणी करून बसलेल्या त्या माणसाची मला फार माया आली. "काही होत नाही हो," मी म्हणालो. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मागे अक्का पाळणा म्हणत होत्या, मधूनच थांबून कुणाशी तरी बोबडं बोलत होत्या.

"ऐकू यायलंय का?" साडूंनी हळूच विचारलं, आणि फोन तिकडे धरला.