बोटीच्या मुलाखतीचं वाक्य

माझा भाऊ टिपरचा ड्रायव्हर. बाबाही तेच. दोघांनी डिचोलीकडच्या खाणींवरून खनिजाची वाहतूक केली, आणि खाणी बंद झाल्यावर कोरगावच्या आमच्या घरासमोर फणसाखाली टिपर उभा राहिला तो राहिलाच. आई त्याच्या आरशाला दोरी बांधून कपडे वाळत घालते. बाबांच्या छातीत मात्र खाणीची धूळ तशीच होती. चार पावलं चालले की ते भिंत धरून उभे राहायचे. मोठ्या डॉक्टरांचे उपचार आणि घरी ऑक्सिजनचं मशीन एवढं तरी हवंच होतं, आणि मी शाळेत तासिकांवर इंग्रजी शिकवणारी, माझ्या पगारात ते बसणारं नव्हतं. म्हणून भावाने बोटीवर जायचं ठरवलं. एका मोठ्या बोटीच्या लाँड्रीत जागा होती. पणजीला मुलाखत, तीही इंग्रजीतून.

संध्याकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत गरम उंडे देऊन गेला की आमची शिकवणी सुरू व्हायची. चाळिशीला आलेल्या माणसाला ‘ही गोज, दे गो’ शिकवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. माझा स्वभाव मुळात तापट. वर्गात मी टेबलावर डस्टर आपटते, इथे उलथणं आपटायची.

“बाबा आजारी आहेत, सांग.”

“माय फादर आर इल.”

“इज. बाबा एकच आहेत.”

“एकटे असले म्हणान काय झाला? आमी ‘बाबा इलो’ म्हणतंव? ‘बाबा इले’ म्हणतंव.”

मी त्याला सांगितलं की इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही. एक माणूस असला की इज. बाबा असोत नाहीतर दारातलं कुत्रं असो.

“बाबांका आनि कुत्र्याक एकूच शब्द?” तो खरोखरच दुखावला. “असली कसली गे ती भास?”

आतल्या खोलीतून आधी खोकला आला आणि मग बाबांचा आवाज. “इंग्रजीत माका मान नाय गावलो तरी चलात. तू आपलो पास हो.”

त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो. बाबांना हसल्यावर धाप लागली आणि आई आमच्यावर ओरडली.

हळूहळू त्याला जमायला लागलं. ‘एव्हरीबडी’ला इज लागतं हे मात्र त्याने शेवटपर्यंत मनाने मानलं नाही. सगळे म्हणजे एक कसो, हा त्याचा प्रश्न. ही नोकरी का हवी, हे विचारतीलच असं एजंटने सांगितलं होतं. त्याचं उत्तर मी स्वतः बांधून दिलं. माय फादर इज इल. हिज लंग्ज आर वीक. ही नीड्स ट्रीटमेंट. वडील एक म्हणून इज, फुप्फुसं दोन म्हणून आर. हे तो आंघोळ करताना म्हणायचा, विहिरीवर म्हणायचा, बाबांची पाठ चोळता चोळता म्हणायचा. बाबांनाही ते पाठ झालं असावं. तो अडखळला की ते आतून नुसते खाकरायचे.

मुलाखत तोंडावर आली आणि बाबा गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपलं होतं.

अग्नी भावानेच दिला. एकुलता एक मुलगा, क्रियेला तोच बसला. आमच्याकडे क्रियेला बसलेला माणूस बाराव्यापर्यंत घराची हद्द सोडत नाही. डोकं भादरलेलं, अंगावर पंचा, स्वतःचं वेगळं शिजवून खायचं, आणि बाबांना जिथे ठेवलं होतं तिथल्या दिव्याशेजारी चटई टाकून झोपायचं. कुणी त्याला शिवायचं नाही. मुलाखत नेमकी त्याच दिवसांत होती.

मी एजंटला फोन केला. तो म्हणाला, बोट काही गोव्यातलं सुतक पाळत नाही, आणि पुढच्या वेळेचं त्याच्या हातात नाही. मग मी काकांसमोर उभी राहिले, घरात आता तेच मोठे.

“क्रिया मी धरतंय. तेका जाऊंदे.”

भटजी म्हणाले, हल्ली मुली करतात, सोय काढता येईल. मला वाटलं, जिंकले. पण भाऊच नकाराची मान हलवायला लागला.

“अग्नी मी दिलंय, बाय. अर्ध्यात सोडून बोटीर जावक माका जमाचा नाय.”

मला त्याचा इतका राग आला की सगळ्यांसमोर मी त्याला मूर्ख म्हणाले. बाबांसाठी एवढं शिकलास आणि आता बाबांचंच नाव पुढे करून घरी बसतोस, असंही म्हणाले. तो दिव्यात तेल घालत राहिला.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी तो चटईवर ताठ बसून होता. मी अंगण झाडत होते. वेळ झाली तशी त्याने हाक मारली. “बाय, विचार.”

मी केरसुणी ठेवली, खुर्ची ओढली आणि त्याला शिवणार नाही अशा बेताने समोर बसले. नाव विचारलं, गाव विचारलं, काम विचारलं. तो एकदाही चुकला नाही. घरी कोण कोण असतं, असं विचारल्यावर त्याने आईला आणि मला सांगितलं. बाबांना त्याने न थांबता गाळलं आणि पुढचं क्रियापदही बरोबर लावलं. इतकं स्वच्छ इंग्रजी तो कधीच बोलला नव्हता. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

मग सवयीने मी पुढचा प्रश्न विचारला. ही नोकरी तुला का हवी?

“माय फादर,” तो म्हणाला आणि थांबला.

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडंही थांबलं. तो आतल्या खोलीकडे बघत राहिला. आतून कुणी खाकरलं नाही.

“बाय,” तो म्हणाला, “हेचा उत्तर आता काय सांगू?”

मी त्याला दुसरं उत्तर शिकवलंच नव्हतं.