न टोचलेलं इंजेक्शन

सुई उकळून तयार होती. कॅल्शियम भरलेली सिरिंज नर्सच्या हातात होती. मोठे डॉक्टर म्हणाले, "द्या."

मी म्हणाले, "देणार नाही."

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही सोलापुरातली गोष्ट. बायकांच्या त्या दवाखान्यात मी एकटीच बाई डॉक्टर. कॉटवर नरसम्मा होती, एका विणकराची तरुण बायको. बाळंतपणानंतर तिची हाडं मऊ पडली होती, पाऊल उचलवत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीचे विलायती थेंब आणि कॅल्शियमच्या पुड्या दिल्या. ते बरोबरच होतं. ती चालायला लागली. मग मात्र ओकाऱ्या सुरू झाल्या. तहान भागेना, सारखी लघवी, पोट साफ होईना. आता तर ती ग्लानीत होती.

"अशक्तपणा आहे, कॅल्शियम वाढवा," असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं.

राउंडच्या आधीच मी तिच्या सासूला विचारलं होतं, "मावशी, थेंब किती देत होता?"

"थेंब कशाला? चमचा भरून दिलं की. लवकर बरी व्हावी म्हणून."

बाटलीवरचं सगळं इंग्रजीत. घरात बोलणं तेलुगू. डोस कुणी समजावून सांगितलाच नव्हता.

व्हिटॅमिन डी अन्नातलं कॅल्शियम रक्तात आणतं. बेताचं असेल तर हाडं भरतात. फार झालं तर कॅल्शियम रक्तात साचतं, मूत्रपिंडं बिघडतात, माणूस दगावतो. मी तिच्या लघवीत ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी टाकून पाहिलं, तर काचेच्या नळीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. कॅल्शियम भरपूर बाहेर पडत होतं. आता ती नळी मी मोठ्या डॉक्टरांपुढे धरली आणि चमच्याचंही सांगितलं.

"ही कच्ची परीक्षा आहे," ते म्हणाले.

"रक्त मुंबईला पाठवलंय. उत्तर येईपर्यंत थांबू. टोचलेलं औषध परत काढता येत नाही."

"उद्यापासून येऊ नका, असं मी सांगू शकतो."

"सांगा. पण आज मी ड्यूटीवर आहे."

नर्सनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. ते तरातरा निघून गेले.

मी थेंब बंद केले, पुड्या बंद केल्या, दूधही बंद केलं. सलाईन लावलं. सासू भडकली.

"अशक्त पोरीचं दूध तोडता?"

"तिच्या रक्तात चुना वाढलाय, मावशी."

"चुना? ती पानसुद्धा खात न्हाय!"

पुढचे दिवस जड गेले. व्हिटॅमिन डी अंगात मुरलेलं असतं, ते लवकर उतरत नाही. नरसम्मा गेली असती तर खापर माझ्यावर फुटणार होतं. तरी मी काही बदललं नाही. ओकाऱ्या थांबल्या. एका सकाळी तिनं डोळे उघडले आणि बाळ मागितलं.

मग मुंबईचा रिपोर्ट आला. रक्तात कॅल्शियम फार वाढलेलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी तो वाचून घडी घातली.

"पुढच्या वेळी नर्ससमोर मला नाही म्हणू नका."

"पुढच्या वेळी तसंच औषध दिलंत, तर म्हणेन."

त्यांनी मला काढलं नाही. औषध सुरू करणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. बंद करणाऱ्याला नोकरी पणाला लावावी लागते. लावावी.