बोनेटवरचं कुंकू

बनारसमधल्या दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागते. तिथं राहून मी गाडी घेतली, नव्वदीच्या दशकात, माझ्या शाळेच्या पगारातून. जुनीच, पण गडद निळी, देखणी. सासरचे म्हणाले, पांढरा हत्ती पोसायला घेतलाय. घेतला तर घेतला. ओळखीच्यांच्या आवारात, हमरस्त्याला ती उभी राहायची.

खूष होते ते फक्त सासरे. ते अहिल्याबाई घाटावर पूजा सांगत. दसऱ्याला त्यांनी कुंकवात बोट बुडवून बोनेटवर एक आणि मागे डिकीवर एक स्वस्तिक काढलं. मंत्रही जरा लांबवलेच.

थंडीत रामनगरच्या रस्त्यावर गाड्या चमकवून देणारं नवं दुकान निघालं. मशीननं घासून, पॉलिश करून गाडी नवीकोरी करतो म्हणे. सगळी गाडी करायची ठरवून मी ती सोडून आले. संध्याकाळी पाहते तर बोनेटच्या मधोमध, स्वस्तिकाच्या जागी, रंग उडून खालचा राखाडी थर उघडा पडलेला. मशीन एकाच जागी दाबून धरलं होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मालक मात्र शांतपणे म्हणाला, "बहनजी, ये रोली का असर है. आप लोग पूजा में लगा देते हैं, पेंट जल जाता है." म्हणजे दोष आमच्या कुंकवाचा!

मी भांडले, तर त्यानं चहा विचारला आणि उद्या साहेबांना पाठवा म्हणाला. आमच्या साहेबांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेही ठाऊक नव्हतं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, जाऊ दे, कशाला वाद. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीपाशी गेले तर घाटावरून सासरे परस्पर तिथं आलेले, आणि ओल्या पंच्यानं डिकीवरचं स्वस्तिक पुसत होते. जन्मभर दुसऱ्यांना कुंकू लावलेला माणूस खाली मान घालून कुंकू पुसत होता.

"माझ्याच बोटानं नासली तुझी गाडी, सूनबाई. मागचा रंग तरी वाचू दे."

रंगाचं दुःख मी एक वेळ गिळलं असतं, हे नाही. तेवढ्यात पुसलेल्या जागेकडे माझी नजर गेली. खालचा निळा रंग जसाच्या तसा होता. एकाच दिवशी, एकाच करंड्यातलं कुंकू, बोटही तेच. शिवाय स्वस्तिक शाबूत होतं, म्हणजे त्या पठ्ठ्यानं मागची बाजू घासलीच नव्हती. मी सासऱ्यांचा हात धरला.

"मामंजी, उरलेलं अर्धं राहू द्या. बसा गाडीत."

दुकानासमोर मी गाडी आडवी लावली आणि हॉर्न दाबून धरला. फुकटचं भांडण म्हटलं की बनारसमध्ये पानवालाही हातातलं पान टाकून येतो. गर्दी जमल्यावर मी सगळी हकीकत मोठ्यानं सांगितली आणि मालकाला डिकीपाशी बोलावलं.

"बाकी आधा आप पोंछिए. अपने हाथ से."

तो जागचा हलेना. त्यानं सासऱ्यांच्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिलं, मग गर्दीकडे. शेवटी खिशातला रुमाल काढून पुसलं. खाली रंग अगदी चांगला होता. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काहे भइया, रोली खाली आगे जरावेला?" कुंकू काय फक्त पुढचाच रंग जाळतं? लोक हसले. मालक नाही हसला, पण बोनेट त्यानं पूर्ण रंगवून दिलं, आणि मागची बाजूही मी उभी राहून करून घेतली.

गाडी परत आली त्या दिवशी सासरे करंडा घेऊन आले खरे, पण बोनेटपाशी थबकले. या वेळी नुसतं फूल ठेवू या का, असं त्यांनी मला विचारलं.

"नाही मामंजी. कुंकूच. आणि तिथंच, मधोमध."

त्यांनी आधीपेक्षा मोठं स्वस्तिक काढलं. मग मी त्यांना शेजारी बसवून त्या दुकानावरून गाडी नेली, अगदी सावकाश.