न धुतलेले हात

शिवणकाम करणाऱ्या काकूंचा खाक्याच असा, की हातासरशी काम उरकायचं. पाहुणे येऊन टेकले तशा त्यांनी सुक्या लाल मिरच्या तव्यावर परतल्या, गरम पाण्यात भिजवल्या, बिया काढल्या आणि टोमॅटो-लसणाबरोबर मिक्सरला फिरवल्या. झाली चटणी! हात धुवायला वेळ कुणाला? फडक्याला पुसले आणि बाहेर जाऊन सासऱ्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. बोटं पापण्यांना लागली मात्र, म्हातारा कळवळला. काकूंनी झटकन हात मागे घेतला.

"काय झालं हो, आजोबा?" पाहुण्यांनी विचारलं.

सासऱ्यांच्या गालांवरून धारा लागल्या होत्या. "काही नाही. मघाशी सूनबाईंची चटणी चाखली. फक्कड झालीय!"

मिक्सरचं झाकणसुद्धा अजून उघडलं नव्हतं. काकूंना मान वर करवेना.