मुंडावळ्यांतले फोटो

आमच्या गावाची मतदारयादी उघडली की तरण्या सुनांचे फोटो ओळीनं नवरीच्या वेषात दिसतात. कपाळाला मुंडावळ्या, गालाला हळद, नाकात नथ आणि डोळ्यांत ‘हे आता काय नवीन’ असा भाव. तालुक्याच्या कचेरीतला कारकून एकदा मला म्हणाला, “बाई, तुमच्या गावच्या बायका रोजच बोहल्यावर असतात का हो?” त्याला काय सांगणार! हे सगळे फोटो हौसाआक्कांनी काढवून घेतलेले होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पौड रस्त्यानं कासार आंबोलीच्या पुढं जाऊन आत वळलं की डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव लागतं. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला राग यायचा. शिकवण्याच्या जोडीला यादीत नावं घालायचं आणि काढायचं कामही सरकारनं आम्हा शिक्षकांच्याच गळ्यात मारलेलं आहे. त्या कामापायीच माझी आणि आक्कांची ओळख झाली, तीही एका लग्नाच्या मांडवात.

आहेराची रांग लागली होती. आक्का वर चढल्या, नवरीची ओटी भरली, आणि खाली उतरायच्या ऐवजी तिथंच उभ्या राहून म्हणाल्या, “पोरी, नाव कुटं हाय तुजं?” उखाण्याची फर्माईश आली असं समजून नवरी लाजली. “अगं, नवऱ्याचं न्हाई इचारत. तुजं मतदानाचं नाव. माहेरीच हाय ना? मग हितली कोन तू? पाव्हणीच की!” मग फोटोग्राफरकडे वळून, “ए, हिचा निसत्या तोंडाचा एक फोटू काड. ह्यो बाजूला घे जरा.” ‘ह्यो’ म्हणजे नवरदेव. तो बिचारा हार सावरत बाजूला झाला, आणि पंगतीतून हात धुवून आलेल्या माझ्या पुढ्यात आक्कांनी ती नवरी आणून उभी केली. “बाई, हिला लावा आमच्या यादीत. हळद उतरायच्या आत.”

हळद उतरायच्या आत कशाला, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हळदीत असली की पोरीचं समदी ऐकत्यात. एकदा चुलीम्होरं बसली की कोन इचारतंय?”

आक्कांचं माहेर ताम्हिणीचं. तिकडं पाऊस असा की म्हणे चार महिने कपडे चुलीवरच वाळायचे. तिथून लग्न होऊन त्या या गावात आल्या आणि उन्हाळ्यात उंबराच्या झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरायला बसल्या. झरा डोंगराच्या कुशीत, उंबराच्या मुळाशी आहे. नाही, होता. नवरा लवकर गेला, एक मुलगा, थोडं भात आणि चार शेळ्या. झऱ्यावर बसून बसून त्यांना त्या डोंगराचा लळा लागला होता. कुठं वणवा दिसला की पदर खोचून ओली फांदी घेऊन धावणारी ही एकटी बाई. लोक हसायचे. “हसा,” त्या म्हणायच्या, “पानी मातूर हसत यायचं न्हाई.”

तोच डोंगर विकला गेला. वरच्या अंगाला शनिवार-रविवारचे बंगले होणार होते. त्यासाठी पोकलेननं झऱ्याच्या अंगानं डोंगर कापून रस्ता न्यायचा, आणि त्याला ग्रामसभेची ना हरकत हवी होती. बंगल्यांवर कामं मिळतील म्हणून पुरुषमंडळींनी तसा ठराव केलाही, कुणाच्या तरी ओसरीवर चहा पिताना. आक्का तालुक्याला जाऊन बसल्या. ‘सभाच झाली नाही’ या एका वाक्यावर त्या इतके दिवस अडून राहिल्या की अखेर साहेब कंटाळले आणि सभा नव्यानं घ्यायचा आदेश निघाला. मी आक्कांना तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं पेढे वाटताना पाहिलं.

पेढा खाताना मीच त्यांना सांगितलं की ग्रामसभेत ज्याचं नाव गावच्या मतदारयादीत, त्यालाच हात वर करता येतो. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच त्या इतकी वर्षं मांडव पालथे घालत होत्या. “ह्येच तर म्हनते मी, बाई. ज्यांची नावं हायेत ते पानी भरत न्हाईत. आन ज्या पानी भरत्यात त्यातल्या निम्म्यांची नावं अजून न्हाईत. मग झऱ्याच्या बाजूनं बोलायचं कुनी? झऱ्यानं?”

त्यानंतरचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. सकाळी शाळेच्या आधी आम्ही दोघी झऱ्यावर. मी फॉर्म भरायला मोबाइल घेऊन दगडावर बसायचे, आक्का बायकांना एकेक करून पुढं ढकलायच्या. राहिलेल्या सगळ्या सुनांची नावं लागली. आक्कांची स्वतःची सून रूपाली सगळ्यांत हुशार, ती इतरांचे कागद लावून द्यायची. आणि झऱ्यावरच्या त्या बायकांच्या तोंडाला काय धार! सरपंचापासून सासऱ्यापर्यंत एकेकाची अशी सालटी काढायच्या की हसून हसून हंडे कलंडायचे. मला वाटलं, आता डोंगर वाचला. खरंच वाटलं.

सभा देवळापुढच्या मंडपात भरली. बायका एवढ्या आल्या की सतरंज्या कमी पडल्या. तालुक्याहून आलेले अधिकारी भले गृहस्थ होते. समोरची माणसं बघून ते हळूच म्हणाले, “आपण चिठ्ठ्या टाकून मत घेऊ या का? म्हणजे कुणाला संकोच नको.”

आक्का उठल्या. “चोरून कशापायी, सायेब? आमच्या बाया काय चोऱ्या करायला आल्यात व्हय? झऱ्यावर उगड बोलत्यात, हितंबी उगड हात वर करत्याल. होऊ द्या समद्यांम्होरं.”

 पण मंडपात मागं भिंतीला टेकून सासरे, चुलतसासरे, थोरले दीर सगळे उभे होते, आणि झऱ्यावर मोकळ्या डोक्यानं हसणाऱ्या त्याच बायका आता नाकापर्यंत पदर ओढून बसल्या होत्या. आमच्या गावात सून सासऱ्यासमोर खुर्चीवरसुद्धा बसत नाही. ती त्यांच्या देखत, त्यांच्या विरुद्ध, हात कशी वर करणार? आक्कांच्या हे ध्यानातच आलं नाही. त्यांना पदर ओढायला लावणारं माणूस घरात उरलंच नव्हतं. किती वर्षं झाली, आपण कशा बसायचो ते त्या विसरून गेल्या होत्या.

“विरोधात कोण?” साहेबांनी विचारलं.

आक्कांचा हात वर गेला. ताठ, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मी त्या गावची मतदार नाही, माझं नाव पुण्यात. मी नुसती बघत होते.

“बाजूनं कोण?”

आधी मागचे सगळे हात. मग पदराआडून एक, दुसरा, बघता बघता सगळा मंडप. रूपालीचा हात शेवटी गेला, पण गेला. तिचा नवरा मागून तिच्याकडे बघत होता. बंगल्यांच्या कामाला पाण्याचा टँकर चालवायचं काम त्याला कबूल झालेलं होतं, हे मला नंतर कळलं. आक्कांनाही.

आधीचा ठराव खोटा होता, तो मोडता तरी आला. हा खरा होता. महिलांच्या भरघोस उपस्थितीत, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. आक्का मला शाळेच्या फाटकाशी म्हणाल्या, “आता कुटं जाऊ वं बाई तक्रारीला? समदं कायद्यानं झालं. आनि म्याच केलं.” मी त्यांना ‘तुमची काही चूक नाही’ असं म्हणाले. ते खरं नव्हतं आणि त्यांना ते पटलंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उंबराच्या जागी तांबड्या मातीची भिंत उभी राहिली. झऱ्याचं पाणी आधी गढूळ झालं, मग बोटभर, मग ओल, मग काहीच नाही. आता गावात टँकर येतो, आक्कांचाच मुलगा घेऊन येतो. आक्कांनी रूपालीला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त लग्नांना जाणं सोडलं. आमंत्रण आलं की म्हणायच्या, “गुडगा दुकतोय.” शेळ्या विकल्या, ओट्यावर बसून डोंगराकडं पाठ करायला शिकल्या. गेल्या पावसाळ्यात झोपेतच गेल्या. शेवटची अंघोळ टँकरच्या पाण्यानं घातली. दुसरं पाणी गावात नव्हतंच.

त्यानंतर काही दिवसांनी रूपाली शाळेत आली, आत्यांचं नाव यादीतून वगळायचा फॉर्म आणि मृत्यूचा दाखला घेऊन. मी तो भरून घेतला. हे कामही माझंच. सही करता करता ती आपणहून म्हणाली, “मॅडम, तुमी मला कधी इचारलं न्हाई.”

“विचारून काय करू?”

“हात वर कसा करायचा ते आत्यांनी शिकवलं. करून घरी आल्यावर ऱ्हायचं कुटं, ते कुनी शिकवलं न्हाई.” ती रडली नाही. मीच रुमाल शोधत राहिले.

जायला उठली, पण गेली नाही. पर्समधून तिनं एक फोटो काढून टेबलावर ठेवला. “आनि एक नवीन फॉर्म द्या. आमच्या धाकट्या चुलत जावेचं नाव लावायचंय. पुडच्या म्हयन्यात सभा हाय, पलीकडच्या डोंगराच्या रस्त्याची. ह्यांनी सांगितलंय, हिचं नाव त्याच्या आत लागलं पायजे.”

फोटोत एक कोवळी पोर होती. गालाला हळद, कपाळाला मुंडावळ्या.

मी फॉर्म काढून दिला.