सुभेदारांच्या उसाचं पाणी

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही तोंड कडू होतं. सत्तरच्या दशकात मी फलटण भागात फौजदार होतो. एक शेतकरी सकाळी पाटाच्या दारापाशी मेलेला सापडला. डोक्यात खोऱ्याचा घाव. आदल्या संध्याकाळी त्याची पाण्याची पाळी होती. धाकट्या भावाशी त्याचं भांडण साऱ्या गावाला ठाऊक, म्हणून भावाला अटक केली.

पंचनाम्याला गावानं एक निवृत्त सुभेदार सुचवले. कुठलाही तंटा निघाला की हे गृहस्थ हात वर करायचे, "नॉट माय बिझनेस!" गावाला त्या इंग्रजीचं कोण कौतुक! कुणाच्या अध्यात ना मध्यात असला पंच आम्हा पोलिसांनाही हवाच असतो. प्रेताशेजारी उभं राहून त्यांनी झोकदार सही केली.

भाऊ काही कबूल होईना. मग त्याची बायको ठाण्यात आली.

"आवं सायेब, थोरल्या भावजींच्या मागनं पाळी सुभेदाराची व्हती. त्येचा ऊस जाऊन बगा की!"

ऊस शेवटच्या सरीपर्यंत भिजलेला. पुढच्या पाळीचा माणूस आधीच दारावर येऊन उभा राहतो, पाणी वाया जाऊ देत नाही. सुभेदारांना बोलावून चहा दिला.

"पाणी कुणी वळवलं?"

"मीच."

"आणि तो?"

"पडला व्हता. शेजारच्या रानवाला खोरं टाकून पळताना दिसला. म्हनलं, कोर्टकचेरी कोण करतंय."

"जिवंत होता?"

"हात हलवत व्हता."

"मग?"

"पाणी वाया चाललं व्हतं, सायेब."

कानफटात द्यावीशी वाटली. वय आडवं आलं.

भावाला सोडताना त्यानं विचारलं, "सायेब, दादा लगीच गेला न्हवं?"

"लगेच," मी म्हणालो.

शेजाऱ्याला जन्मठेप झाली. खुनाची खबर दडवल्याबद्दल सुभेदारांवरही कारवाई करता आली असती. पण पाहणारा तो एकटाच. त्याला आरोपी केला असता तर खुनी सुटला असता. रागात घाव घालणारे मी पुष्कळ पाहिले, त्यांची कीवही आली. थंड डोक्यानं बाजूला होणाऱ्या सज्जनांची मात्र तेव्हापासून किळस येते.

कोर्टात सुभेदारांनी सारं जसंच्या तसं सांगितलं, हात हलत होता तेही. धाकटा भाऊ समोरच्या बाकावर बसला होता. त्यानं सुभेदारांकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला.